मासा दे

सात आठवडे हा नळ झोपू देत नाही.
दांडी कितीही दाबून बसवा,
तोटीच्या टोकाशी एक थेंब जमतो, जड होतो,
आणि टप्.
रात्री खाली पातेलं ठेवते,
पहाटे ते गच्चीवरच्या टोमॅटोंना घालते.
मेलबर्नहून रेनो म्हणतो, आई, नवा घे, पैसे पाठवतो.
प्लंबर म्हणतो, बघू, ईस्टरनंतर.

घरात एक फिटर आहे.
एकतीस वर्षं गोदीत, जहाजांच्या पोटात शिरून
वाफेच्या, तेलाच्या, समुद्राच्या गळत्या थांबवलेला.
वेन्झू आता खिडकीशी खुर्चीत असतो,
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा,
आणि शब्द उरलेत तीन:
हो, साल्वीना, मासा.

बाकी सगळं जग मासा.
चष्मा मासा. गोळ्या मासा.
समोरच्या चेन्साची मांजर मासा,
तिथं निदान काही संबंध तरी आहे.

आज हत्यारांची पेटी त्याच्या पायाशी उपडी केली.
मासा दे, म्हणाला.
हा? मान हलली.
हा? चपटा, रुंद तोंडाचा? मान हलली.
दातेरी जबड्याचा?
शेवटी सापडला तो,
करंगळीएवढा, षट्कोनी, शेपटीत वाकलेला.
हो.

आधी सिंकखालच्या दोन्ही चाव्या बंद.
मग डाव्या हातानं त्यानं दाखवलं: भोकात फडकं कोंब,
स्क्रू निसटला तर गटाराला मिळायला नको.
दांडीवरची लाल-निळी टिकली नखानं उचकटली.
आत अंधार.
वाकडा मासा आत शिरला, चाचपडला, अडला,
कुरकुरला आणि सुटला.

घुमट निघाला. खालचं पितळी नट हलेना.
ओट्यावर गुडघा टेकवून, मोठा पाना धरून
मी सगळं वजन टाकलं.
चौसष्टाव्या वर्षी बाई अशी कशी दिसते
ते मला ठाऊक आहे, आणि तो हसला नाही.
त्याचं लक्ष नटावर होतं.
त्याची डावी मूठ, आत काहीच नाही,
हवेत माझ्याबरोबर फिरत होती.

कार्ट्रिज बाहेर आलं ते चुन्यानं लडबडलेलं.
हे बेटच चुनखडीचं.
झेय्तूनचं चर्च त्याचं, आमच्या भिंती त्याच्या,
आणि विरघळून नळात जाऊन बसलेलंही तेच.
व्हिनेगरमध्ये टाकलं. बुडबुडे आले.
रबरी कडं त्याच्या तळव्यावर ठेवलं.
अंगठा त्यावरून एकदा फिरला,
पुन्हा फिरला,
आणि चीर होती तिथं थांबला.

नवं कडं पेटीच्या तळाशी होतं, कागदात गुंडाळलेलं.
वर त्याचं अक्षर: साल्वीनाचा सिंक.
कधी आणून ठेवलं होतंस रे?
मासा, म्हणाला.

ग्रीस लावलं, बसवलं, आवळलं, चाव्या उघडल्या.
दोघं टोकाकडे बघत राहिलो.
मी शंभरपर्यंत मोजलं.
नंतर आणखी चाळीस, विश्वास बसेना म्हणून.
पातेलं कोरडं.

चहाची भांडी विसळायला दांडी डावीकडे केली,
गार.
उजवीकडे केली, हात पोळला.
अर्धा फेरा चुकवून बसवलं होतं मी ते.
रविवार असूनही शिवी दिली,
आणि मागून आवाज आला, घोगरा पण स्वच्छ:
उलटं.

मी पाणी वाहू दिलं.
आठ महिन्यांत आलेला चौथा शब्द.
पुन्हा म्हण.
उलटं! चिडून म्हणाला,
गोदीतल्या शिकाऊ पोरांवर खेकसायचा तसा.

नळ तसाच ठेवलाय.
रेनोला सांगितलं, दुरुस्त झाला.
गुरुवारी नर्स येते, हात धुवायला सिंककडे वळते,
तोच खिडकीतून तो ओरडतो,
कधी उलटं, कधी मासा.
ती आता दोन्हीला हात मागे घेते.